कॉलेजचं जुनं बास्केटबॉल अरीना रिनोव्हेट करायचंय? माहोल कुठून येतो ते आधी बघा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांचा कुठल्या ना कुठल्या युनिव्हर्सिटीशी संबंध येतोच, कोणी तिथे एमएस केलेलं असतं, कोणाची मुलगी आता तिथे शिकतेय, कोणी अलुमनाय कमिटीवर, कोणी तिथेच फॅसिलिटीज डिपार्टमेंटला नोकरीला. मग एक दिवस इमेल येतो की आपलं जुनं बास्केटबॉल अरीना रिनोव्हेट करायचंय, सर्व्हे भरा आणि जमलं तर चेकही पाठवा. सर्व्हेत विचारतात काय तर वायफाय हवं का, खायला काय हवं, सीट रुंद हवी का. यात नाही कोण म्हणणार? दोन-तीन वर्षांनी सगळं चकाचक होतं, फोटो झकास येतात, आणि गेमला बघावं तर समोरच्या टीमचा कोच बेंचवरून बोलतोय ते वरच्या रांगेत ऐकू येतंय.

हे टाळायचं असेल तर निर्णय कुठल्या क्रमाने घ्यायचे ते महत्त्वाचं. मी त्याच क्रमाने लिहितोय. एक आधीच सांगतो, टीम सतत हरत असेल तर कितीही पैसे ओता, पब्लिक येत नाही. पण टीम बरी असूनही घरच्या मैदानाचा धाक नाही, असं असेल तर दोष बहुतेक वेळा सीटांच्या नकाशात असतो. स्क्रीन लहान आहे म्हणून कोणी गप्प बसत नाही.

आधी सीटांचा नकाशा

नॉर्थ कॅरोलायनातली दोन अरीना बघा, म्हणजे मुद्दा लगेच कळेल. चॅपल हिलचं, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाचं, डीन स्मिथ सेंटर १९८६ ला उघडलं, जवळपास २१,७५० सीट्स, डोनर्सच्या पैशातून बांधलेलं, आणि बदल्यात डोनर्सना खालच्या भागातल्या चांगल्या सीट्स मिळाल्या. स्टुडंट्स गेले लांब. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडा स्टेटचा खेळाडू सॅम कॅसेलने तिथल्या पब्लिकला 'वाइन अँड चीज क्राउड', म्हणजे पार्टीला आल्यासारखं गप्प बसणारं पब्लिक, म्हटलं आणि ते लेबल आजपर्यंत सुटलेलं नाही. आता तिथून साधारण १५-१६ किलोमीटरवर ड्यूकचं कॅमेरन इनडोअर. १९४० चं बांधकाम, सीट्स फक्त ९,३१४, स्टुडंट्स कोर्टला अगदी खेटून, बसायचं नावच नाही, अख्खी गेम उभ्याने. रेषेबाहेरून बॉल आत (इनबाउंड) टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीशी एवढ्या जवळ की त्याला मान वळवायची सोय नाही. कोणतं अरीना मोठं आणि आरामशीर हे सांगायलाच नको, आणि कुठे जायला बाहेरच्या टीम जास्त घाबरतात तेही. चॅपल हिलच्या लोकांना हे कळलं नाही असं नाही, पुढे त्यांनी बास्केटमागे स्टुडंट्सना उभं राहायला रायझर्स, म्हणजे चढत्या पायऱ्या, दिल्याच, पण एकदा डोनर्सना दिलेल्या सीट्स परत मागणं किती जड जातं ते त्यांना विचारा.

तर पहिलं काम. आर्किटेक्टला बोलावण्याआधी सध्याच्या सीटिंगचं ड्रॉइंग प्रिंट करा आणि खालच्या दहा रांगा रंगवा, स्टुडंट एका रंगात, डोनर दुसऱ्या, विजिटिंग टीमची माणसं तिसऱ्या, युनिव्हर्सिटीचे फुकट पासवाले चौथ्या. बऱ्याच ठिकाणी चौथा रंग बघून धक्का बसतो.

मग ठरवायचं स्टुडंट्स कुठे. माझ्या मते दोन जागा सोडून तिसरीचा विचारच करू नये. एक म्हणजे टीव्हीच्या मुख्य कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोरची लांब बाजू. कॅमेरा एका साइडलाइनच्या वर बसतो, त्याला दिसते पलीकडची बाजू, आणि टीव्हीवर दोन तास जी माणसं दिसतात तीच तुमच्या प्रोग्रॅमची जाहिरात. हायस्कूलचा सतरा वर्षांचा चांगला खेळाडू घरी सोफ्यावर बसून तेच बघत असतो. तिथे रिकाम्या गुबगुबीत खुर्च्या दिसल्या तर कोच रिक्रूटिंगला गेल्यावर काय बोलणार?

दुसरी जागा एका बास्केटच्या मागे, कारण फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर खेळाडू एकटा उभा राहून बास्केटकडे बघत बॉल टाकतो तो. मेरीलँडने २००२ ला नवीन अरीना बांधलं तेव्हा एका बास्केटमागे स्टुडंट्सची उभी चढण केली, तिला सगळे 'द वॉल' म्हणतात, खाली कोर्टवरून बघितलं की माणसांची भिंत अंगावर आल्यासारखी वाटते. ॲरिझोना स्टेटवाल्यांनी तर पैसेच लावले नाहीत, बास्केटमागे एक काळा पडदा धरला आणि पाहुणा फ्री थ्रो टाकायला उभा राहिला की पडदा उघडून आतून काहीतरी अचाट दाखवायचं. जानेवारी २०१६ मध्ये त्या पडद्यामागून ऑलिंपिक स्विमर मायकल फेल्प्स बाहेर आला, फक्त स्विमिंगची चड्डी, गळ्यात मेडल्स, आणि समोर ओरेगॉन स्टेटचा बिचारा पोरगा फ्री थ्रो टाकतोय. हे सगळं करायला बास्केटमागची पहिली रांग स्टुडंट्सची असावी लागते, तिथे स्पॉन्सरची टेबलं मांडली असतील तर विषय संपला.

आधीच बांधलेल्या अरीनात हे जमतं का? जमतं. यूसीएलएचं पॉली पॅव्हिलियन १९६५ चं, त्यात सीट्स कोर्टपासून लांब होत्या, मधे नुसती मोकळी जमीन. २०१२ ला संपलेल्या सुमारे १३६ मिलियन डॉलर्सच्या कामात त्यांनी सीट्स कोर्टकडे पुढे आणल्या आणि स्टुडंट्सना साइडलाइनला जागा दिली.

डोनर्सशी बोलणं, म्हणजे खरं अवघड काम

इथे बहुतेक प्लॅन मरतात. तिसऱ्या रांगेत वीस वर्षं बसणारे काका युनिव्हर्सिटीला दरवर्षी मोठी रक्कम देतात आणि त्यांना उठा म्हणायचंय. अॅथलेटिक डायरेक्टर घाबरतो, साहजिक आहे.

पहिली गोष्ट, वकिलाकडून जुने करार वाचून घ्या. काही ठिकाणी सीटचा हक्क वर्षागणिक असतो, काही ठिकाणी इमारत उभी राहताना आयुष्यभराचा लिहून दिलेला असतो, आणि हे ड्रॉइंग झाल्यावर कळलं तर सगळं परत पहिल्यापासून. दुसरी, तिकीट स्कॅनचा डेटा काढा, गेल्या तीन सीझनचा, सीटनिहाय. विकलेली तिकिटं आणि गेटवर स्कॅन झालेली तिकिटं यात फरक असतोच, पण खालच्या रांगांमध्ये, त्यातही मंगळवारी रात्रीच्या आणि डिसेंबरच्या फुसक्या गेम्सना, किती जण खरंच येतात ते कागदावर आलं की मीटिंगमधला सूर बदलतो. 'तुम्हाला उठवतोय' असं म्हणायचं नाही, 'ही सीट अर्ध्या गेम्सना रिकामी होती' हे दाखवायचं, नाव न घेता, सेक्शनच्या हिशोबाने.

तिसरी गोष्ट, बदल्यात खरंच काहीतरी चांगलं द्या. बास्केटबॉल बघायला पहिली-दुसरी रांग काही फार भारी नसते हो, समोर रेफरी, बेंचवरची मंडळी, टेबल, कॅमेरावाला, प्ले कसा रचला जातोय ते कळतच नाही. मधल्या भागात बाराव्या ते विसाव्या रांगेतून सगळं कोर्ट उघडं दिसतं. डोनरला एकदा तिथे बसवून गेम दाखवा, वर रुंद सीट, जवळ पार्किंग, वेगळं दार आणि लाउंज. बरेच जण खुशीने वर जातात, गुडघेही दुखत असतात. शिवाय टॅक्सचं गणित बदललंय. २०१७ पर्यंत तिकिटाच्या हक्कासाठी दिलेल्या डोनेशनच्या ८० टक्के रकमेवर वजावट मिळायची, त्यावर्षीच्या टॅक्स कायद्याने ती बंद झाली, त्यामुळे देणारा आता पैशाला काय मिळतंय ते जास्त बारकाईने बघतो.

आणि सगळ्यांना एका दमात हलवू नका. एक लांब बाजू आणि एक बास्केट एवढंच मागा, समोरची बाजू डोनर्सकडे राहू दे. सगळंच मागितलं तर काहीच मिळत नाही.

सीट्स कमी झाल्या तरी चालतील

आपल्याकडे कोणी क्षमता कमी केली म्हटलं की घोटाळा झाला असं वाटतं, पण वानखेडे आठवा, २०११ च्या वर्ल्ड कपआधी नव्याने बांधलं तेव्हा क्षमता आधीपेक्षा बरीच खाली आली, साधारण ३३ हजारांवर, आणि फायनलच्या रात्री तिथला आवाज कमी होता असं कोणी म्हणेल का?

कॉलेज बास्केटबॉलमध्ये गेली पंधरा-वीस वर्षं हेच चाललंय. बटलरचं हिंकल फील्डहाऊस १९२८ चं, एके काळी १५ हजार माणसं मावायची, आता ९ हजारांच्या आसपास. नॉर्थवेस्टर्नने २०१८ ला ११० मिलियन खर्च करून वेल्श-रायन अरीना आतून बदललं आणि ८,११७ वरून ७,०३९ वर आले. टेक्सासचं जुनं अर्विन सेंटर १९७७ चं, साडेसोळा हजारांचं, गोल ड्रमसारखं, आवाज कुठे जायचा कळायचं नाही. ते सोडून २०२२ ला मूडी सेंटरमध्ये आले तेव्हा बास्केटबॉलसाठी क्षमता पावणेअकरा हजारांच्या आसपास ठेवली, वरचा मजला कॉन्सर्टला उघडतात आणि गेमला झाकून टाकतात. ऑबर्नने तर २०१० लाच ९,१२१ सीट्सचं छोटं अरीना बांधलं होतं, पुढे टीम चांगली झाली आणि पाहुण्या टीमला तिथे जाणं म्हणजे शिक्षा झाली.

ह्यूस्टनचं उदाहरण आपल्या लोकांना जवळचं, तिथे मराठी मंडळी भरपूर. हॉफहाइन्झ पॅव्हिलियन १९६९ चं, सीट्स साडेआठ हजारांच्या आसपास. त्यांनी पाडलं नाही, जमिनीत खोल गेलेला जुना बोल (वाडग्यासारखा सीटांचा काँक्रीटचा उतार) आणि मुख्य सांगाडा ठेवून ६० मिलियनमध्ये आतून सगळं नवं केलं, त्यातले २० मिलियन उद्योगपती टिलमन फर्टिटाने दिले म्हणून नाव फर्टिटा सेंटर, २०१८ ला उघडलं, सीट्स ७,१००. कोच केल्विन सॅम्पसनची टीम तेव्हा वर चढतच होती, आता तिथे तिकीट मिळत नाही.

उलटा प्रयोग ओक्लाहोमा स्टेटने केला. गॅलाघर-आयबा अरीना ६,३८१ चं होतं आणि देशातलं सगळ्यात दंगेखोर म्हणून गाजलेलं, २००१ पर्यंत छत उचलून १३,६११ केलं, जुना मेपलचा कोर्ट तेवढा जपून ठेवला. टीम जोरात होती तोवर भरायचं. टीम मध्यम झाली की तेरा हजार भरणं अवघड, आणि अर्धं रिकामं मोठं अरीना भरलेल्या छोट्यापेक्षा शंभरपट उदास दिसतं.

आकडा कसा ठरवायचा? माझा अंदाजाचा हिशोब असा, रेकॉर्ड गर्दी बघू नका, कॉन्फरन्स गेम्सना (आपल्या गटातल्या कॉलेजांशी होणाऱ्या) खरोखर स्कॅन झालेली मधली संख्या घ्या, तिच्यावर थोडं ठेवा आणि थांबा. तिकीट मिळत नाही ही बातमी गावात पसरू दे.

चढण, उभं राहणं आणि व्हीलचेअर

दिसण्याचा हिशोब आर्किटेक्ट मिलिमीटरमध्ये करतात, तुमची नजर समोरच्याच्या डोक्यावरून किती वरून जाते ते. ६० म्हणजे कसंबसं, ९० चांगलं, १२० मस्त. पण हा आकडा बसलेल्या लोकांसाठी काढतात आणि स्टुडंट्स बसत नाहीत. त्यामुळे स्टुडंट सेक्शनचं ड्रॉइंग आलं की एकच विचारा, हे उभ्या माणसांसाठी काढलंय का.

वरचा काँक्रीटचा बोल बदलणं फार महाग, त्याच्या नादी लागू नका. पण खालचा भाग जुन्या अरीनात बहुतेक वेळा आत-बाहेर सरकणारे ब्लीचर्स, म्हणजे पायऱ्यांचे बाक, असतात आणि ते तीस-चाळीस वर्षं जुने झालेले असतात, म्हणजे बदलायचेच आहेत. नवीन घेताना प्रत्येक पायरीची उंची वाढवून घ्या आणि पहिली रांग कोर्टच्या रेषेकडे जेवढी नियमात बसते तेवढी पुढे आणा. संपूर्ण रिनोव्हेशनमध्ये एवढ्या पैशात एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट मला तरी माहीत नाही.

स्टुडंट्सना पाठीच्या खुर्च्या देऊ नका. खुर्चीला रांगेची खोली जास्त लागते, रुंदीही जास्त, म्हणजे त्याच जागेत पोरं कमी, आणि उडी मारायला खुर्ची मधे येते. साधा बाक, माणशी १८ इंच, पुढे भक्कम कठडा. मात्र सप्लायरला सांगा की इथे पाचशे पोरं एका तालावर उड्या मारणार आहेत. नुसतं वजन पेलणं वेगळं आणि तालबद्ध हादरे, आडवं डोलणं पेलणं वेगळं, दोन्हीचं कॅल्क्युलेशन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

व्हीलचेअरच्या जागा शेवटी कोपऱ्यात उरतील तिथे ढकलायच्या, असं अजूनही होतं. कायद्याने ५,००० पर्यंतच्या सीट्सना ३६ आणि पुढे दर २०० ला एक, म्हणजे १२ हजारांच्या अरीनात ७१, प्रत्येकीशेजारी सोबत्याची सीट, आणि त्या वेगवेगळ्या किमतीच्या भागांत विखुरलेल्या. समोरचे उभे राहणार असतील तर उभ्या माणसांवरून दिसलं पाहिजे हेही कायद्यातच आहे. स्टुडंट सेक्शनमध्येही या जागा हव्यात, व्हीलचेअरवरच्या पोराला मित्रांपासून लांब बसवून कसला माहोल करताय?

आवाज

कॅन्ससच्या ॲलन फील्डहाऊसमध्ये १३ फेब्रुवारी २०१७ ला वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध १३०.४ डेसिबलचा रेकॉर्ड लागला. इमारत १९५५ ची. परड्यूचं मॅकी अरीना १९६७ चं, वर घुमटासारखं धातूचं छत, आवाज वर जातो आणि तसाच खाली आपटतो. परड्यूला शिकलेले मराठी लोक ढिगाने सापडतील, विचारा त्यांना, गेमनंतर कान किती वेळ वाजतात. या दोन्ही ठिकाणी जुन्या छताने जे फुकटात दिलं ते नवीन अरीनात पैसे देऊन मिळत नाही. त्यामुळे छताला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा.

इथे एक भांडण ठरलेलं असतं. ध्वनी कन्सल्टंट येतो, टाळी वाजवून आवाज किती वेळ घुमतो ते मोजतो आणि सांगतो की अनाउन्समेंट नीट ऐकू येत नाही, भिंतींना आणि छताला आवाज शोषणारे पॅनल लावा. त्याच्या जागी तो बरोबर आहे, युनिव्हर्सिटीला मे महिन्यात त्याच हॉलमध्ये ग्रॅज्युएशन करायचं असतं आणि डीनचं भाषण ऐकू आलं पाहिजे. पण सगळीकडे पॅनल लावलं की गर्दीचा आवाजही तेच पॅनल खातं. मधला रस्ता आहे. स्टुडंट सेक्शनच्या मागची भिंत आणि त्याच्या वरचं छत कडक ठेवा, कोर्टकडे आवाज फेकणारं. शोषणारं मटेरियल लांबच्या वरच्या कोपऱ्यांत आणि जिथून उशिरा प्रतिध्वनी येतो त्या भिंतीवर लावा. ग्रॅज्युएशनसाठी वरून सोडायचे जाड पडदे घ्या, गेमला गुंडाळून ठेवायचे. मोजमापही रिकाम्या हॉलमध्ये एकदा आणि भरलेल्या गेमला एकदा करायला लावा, कारण माणसं स्वतःच भरपूर आवाज शोषतात. गादीच्या सीट्सही शोषतात, हे डोनर सेक्शनच्या खुर्च्या निवडताना लक्षात असू दे.

स्पीकर एकाच जागी मधोमध टांगण्याऐवजी विभागून, जवळून, प्रेक्षकांकडे तोंड करून लावले की आवाज कमी ठेवूनही शब्द कळतो. आणि कृपा करून तो ढणढणाट आवरा. प्रत्येक डेड बॉलला, म्हणजे खेळ थांबला की लगेच, रेकॉर्डेड गाणं लावलं की शेजारच्याशी बोलता येत नाही, पोरांची घोषणा सुरू होता होता बुडते, आणि दोन सीझनमध्ये पब्लिकला गप्प बसून ऐकायची सवय लागते. बाहेरून आणलेली भोंगे-बिंगे आवाजाची साधनं चालत नाहीत, बँडनेही खेळ चालू असताना वाजवायचं नसतं, म्हणजे खेळ चालू असताना शस्त्र एकच, गळा. त्याला जागा द्या. बँड मात्र खाली हवा, बास्केटमागे स्टुडंट्सना चिकटून. वरच्या कोपऱ्यात बसवलेला बँड म्हणजे पगार न मिळणारा रेडिओ.

लाइट आणि स्क्रीन, थोडक्यात

जुने मेटल हॅलाइड दिवे एकदा बंद केले की परत पूर्ण पेटायला बरीच मिनिटं लागतात, म्हणून खेळाडूंच्या एंट्रीला अंधार करता येत नाही. एलईडी चटकन चालू-बंद होतात, विजेचं बिलही उतरतं, हे काम बजेटमध्ये पहिल्यांदा पास होतं. दिवे कोर्टवर रोखा, गर्दीवर कमी पडू दे, फक्त समोरच्या स्टुडंट बाजूवर टीव्हीला दिसण्याइतका उजेड ठेवा.

मधोमध टांगायची स्क्रीन घेण्याआधी जुनं छत ते वजन पेलेल का ते इंजिनिअरला विचारा, साठच्या दशकातल्या छतांना बऱ्याचदा आधार द्यावा लागतो आणि स्क्रीनपेक्षा आधारच महाग पडतो. फार मोठी घेऊन सगळ्यांच्या माना वर करून ठेवण्यात काही अर्थ नाही.

दारं, रांगा, संडास

याबद्दल कोणी उत्साहाने बोलत नाही, पण दुसरा हाफ रिकाम्या सीट्सनी सुरू होतो तो यामुळेच. हाफटाइम १५ मिनिटांचा. जुन्या अरीनात बाहेरचा पॅसेज अरुंद, लेडीज टॉयलेट कमी, पॉपकॉर्नची रांग आणि टॉयलेटची रांग एकमेकांत घुसलेली. टॉयलेट वाढवा, खाण्याचे काउंटर उचला-आणि-निघा प्रकारचे करा, रांगा भिंतीकडे वळवा.

लाउंजचं एक सांगतो. बंदिस्त, टीव्हीवाला, बारवाला लाउंज केला की माणसं आतच रमतात आणि टीव्हीवर मधल्या सगळ्यात महागड्या सीट्स रिकाम्या दिसतात. एकतर लाउंजमधून कोर्ट दिसेल असं करा, नाहीतर दुसरा हाफ सुरू होताना बार बंद. दुसरा उपाय स्वस्त आहे आणि त्यावर शिव्याही जास्त पडतात.

स्टुडंट्सना वेगळं दार, थेट त्यांच्या सेक्शनमध्ये उतरणारं, नंबर नसलेल्या सीट्स, जो आधी येईल तो पुढे. ड्यूकची पोरं मोठ्या गेमसाठी अरीनाबाहेर तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे राहतात, त्यामागे हीच साधी व्यवस्था आहे.

आणि स्टुडंट्स खाली आणताय तर ते कोर्टवर धावून येणार हेही धरून चाला. २०२४ मध्ये आयोवाच्या केटलिन क्लार्कला ओहायो स्टेटमध्ये अशाच गर्दीतल्या एका फॅनची धडक बसली, महिनाभराने ड्यूकचा काइल फिलिपोव्स्की वेक फॉरेस्टच्या गर्दीत दुखावला. एसईसी (साउथईस्टर्न) कॉन्फरन्स तर आता यासाठी ५ लाख डॉलर्स दंड लावते. म्हणून पाहुण्या टीमचा बोगदा त्यांच्या बेंचला लागून, स्टुडंट बाजूच्या विरुद्ध, म्हणजे दहा सेकंदांत आत. हे ड्रॉइंगवर करायला एक रेघ लागते, नंतर करायला भिंत फोडावी लागते.

वेळ आणि पैसा

सीझन मार्चमध्ये संपतो, पुढचा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. मधे मे मध्ये ग्रॅज्युएशन, ऑगस्टअखेर व्हॉलीबॉल. म्हणजे हातात खरा उन्हाळा तीनेक महिन्यांचा. दोन उन्हाळ्यांत वाटून करा, पहिल्यात खालचे ब्लीचर्स आणि दिवे, दुसऱ्यात पॅसेज आणि टॉयलेट. सगळं एकदम करायचं असेल तर पूर्ण सीझन बाहेर खेळावं लागतं. यूसीएलए एक सीझन जुन्या स्पोर्ट्स अरीनात जाऊन खेळलं, नॉर्थवेस्टर्न कॅम्पसपासून लांब ऑलस्टेट अरीनात, ह्यूस्टन गावातल्याच टेक्सास सदर्नच्या जिममध्ये. कॅम्पसपासून लांब गेलात तर त्या वर्षी स्टुडंट्सची सवय मोडते, बसेस आणि फुकट पिझ्झाचे पैसे आधीच धरा. वुमन्स टीमला दोन्ही पर्यायांत विचारा, त्यांचंही घर तेच आहे आणि त्यांना शेवटी कळवायची एक वाईट रीत आहे.

बजेट जाहीर करण्याआधी ॲस्बेस्टॉसचा सर्व्हे करून घ्या, साठ-सत्तरच्या दशकातल्या छतात आणि पाइपांभोवती तो बऱ्याचदा निघतो आणि मग सगळं वेळापत्रक कोलमडतं. शिवाय २०२५ च्या न्यायालयातल्या सेटलमेंटनंतर मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, २०२५-२६ साठी मर्यादा सुमारे २०.५ मिलियन डॉलर्स होती, तो पैसाही त्याच डोनर्सच्या खिशातून यायचाय, त्यामुळे संगमरवरी लॉबीवर जाणारा प्रत्येक डॉलर कुठून कापलाय हे कोच तुम्हाला विचारणारच.

थोडे पैसे पहिल्या सीझनसाठी राखून ठेवा. डिसेंबरच्या फुसक्या गेम्स संपल्या की कॉन्फरन्सच्या पहिल्या चार-पाच गेम्सना ठरलेल्या जागी उभं राहून डेसिबल मोजा, स्टुडंट सेक्शनमधल्या पोरांना विचारा कुठून दिसत नाही, कुठे अनाउन्सर त्यांच्यावर ओरडतोय. स्पीकरची दिशा, बँडची जागा, पडदे, रायझर्स, हे सगळं जानेवारीत हलवता येतं. तेवढ्यासाठी हा कॉन्ट्रॅक्टर आणि हा कन्सल्टंट मार्चपर्यंत बांधील राहील असं करारात लिहून घ्या, कारण रिबन कापली की त्यांचे फोन लागत नाहीत.